पाच म्हणजे सोळा फूट

माझ्या आईचा एकच फोटो आहे आणि त्यात आई नाही. असं म्हटलं की लोक विचारतात, बाई, शुद्धीवर आहेस ना? आहे. तेहतीस वर्षं एस.टी.च्या बुकिंग खिडकीवर काढली मी. तिथं शुद्ध हरपायलासुद्धा रजा मंजूर होत नाही.

माझे वडील धोंडीराम, म्हणजे आमचे तात्या, फोटोग्राफर. मंगळवेढ्याकडून सोलापुरात आले आणि नवी पेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर स्टुडिओ थाटला. अर्ध्या गावाची लग्नं त्यांनी काढली. स्वतःच्या लग्नात मात्र ते मुंडावळ्या बांधून बसलेले, मग कॅमेरा कोण धरणार? पुढं बायकोचा फोटो काढू काढू म्हणत सहा वर्षं गेली. घरचीच तर आहे, पळून चाललीय थोडीच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

बहात्तर साली, दुष्काळात, त्यांनी मुंबईहून एक जुना रशियन कॅमेरा आणला. त्याला पुढं तीन डोळे. मधल्यातून बघायचं आणि कडेच्या दोघांनी एकदमच दोन फोटो काढायचे. ते दोन फोटो शेजारी शेजारी एका काळ्या डब्यात घालून दोन्ही डोळ्यांनी बघितले की सपाट चित्र उठून उभं राहतं. माणूस पुढं, झाड मागं, मधे मोकळी हवा. तात्या त्याला जिवंत फोटो म्हणायचे.

भिंगाच्या कड्यावर आकडे होते. माणूस जितक्या अंतरावर उभा असेल तितका आकडा लावायचा, म्हणजे तो स्पष्ट येतो. फूट की मीटर, ते कुठं लिहिलेलं नव्हतं, आणि सोबतचं पुस्तक रशियन भाषेत. पण तात्यांना पुस्तक कशाला लागतंय? त्यांच्याकडं दोरी होती. फुटाफुटावर गाठी मारलेली, एक टोक स्टँडला बांधलेलं. दुसरं टोक गिऱ्हाइकाच्या नाकाला लावायचं, गाठी मोजायच्या, आकडा लावायचा. काचेतून बारीक डोळे करून बघत बसणाऱ्यांना ते हसायचे.

अठरा ऑक्टोबरला, दिवस मावळता मावळता, त्यांनी आईला अंगणात उभं केलं. माझी आई मथुराबाई. तिनं स्टुडिओतल्या लाकडी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. दोरी नाकापर्यंत आली, पाच गाठी झाल्या, तात्यांनी पाच लावले. मी चार वर्षांची. मागं धुण्याच्या दगडावर बसून बघत होते.

त्या फोटोत मी लख्ख आहे. फ्रॉकची बटणं मोजून घ्या, गुडघ्यावरची खपली बघून घ्या. आई म्हणजे पदर आहे, उंची आहे, आणि चेहऱ्याच्या जागी थापायच्या आधीचा भाकरीचा गोळा. डोळे नाहीत, नाक नाही. दीड महिन्यानं, दोन डिसेंबरला, ती काविळीनं गेली.

"हलली," तात्या म्हणायचे. "चार वर्साची पोर गप बसली, आन ही हलली. लई सांगितलं हुतं, हलू नगं."

हे मी बावन्न वर्षं ऐकलं. पाहुण्यांपुढं ऐकलं, आत्याच्या तोंडून ऐकलं, पुढं माझ्या नावानंही ऐकलं. दूध उतू गेलं, आईवर गेली. बारावीत नापास झाले, आईवर गेली. बार्शीला दिली होती मला. नवरा हात उचलायचा म्हणून तिसऱ्या वर्षी पिशवी घेऊन परत आले, तेव्हा दारातच तात्या म्हणाले, "आईवानीच तू. एका जागी उबी ऱ्हाशील तर शपथ." त्या दिवशी मी नवऱ्यावर रडले नाही. आईवर चिडले. एक क्षण, बाई, एक क्षण गप उभी राहिली असतीस तर तुझं काय जात होतं?

आता तात्या शहाऐंशीचे. खाटेवर असतात. सकाळी मला ओळखतात, दुपारी सिस्टर म्हणतात. आत्या गेली, मामा गेले. मी तेव्हा चार वर्षांची, मला काही आठवत नाही. आईचा चेहरा ज्याला आठवेल असं माणूस या जगात एकच उरलंय, आणि तेही रोज थोडं थोडं निघून चाललंय. म्हणून मला घाई झाली. तात्यांनी एकदा बघून 'व्हय, हीच मथुरा' म्हणावं, एवढंच मला पाहिजे होतं.

आधी एका मोबाइलवाल्याकडं गेले. त्यानं फोटो मशिनला दिला आणि दोन मिनिटांत माझ्या हातात एक बाई ठेवली. कोरलेल्या भुवया, ओठ रंगवल्यासारखे, हसतेय गोड. मी तात्यांना दाखवली. "ही कोन बाई?" ते म्हणाले. "आपल्याकडं धुनं धुती ती काय?" मी तो नवा फोटो टराटरा फाडला.

मग कुमारकडं गेले. नवी पेठेच्या मागच्या बोळात तो जुने कॅमेरे, घड्याळं दुरुस्त करतो. वडील हातमागावर कापड विणायचे, हा बारक्या स्क्रूंवर आला. घरात तेलुगू, दुकानात मराठी, आणि तोंडात कायम बडीशेप. त्याच्यापुढं मी सगळंच ठेवलं. कातडी पेटीतला कॅमेरा, गाठींची दोरी, काळा डबा, आईच्या फोटोची जोडी आणि तात्यांनी काढलेल्या बाकीच्या जोड्या.

"हललीय, काय करता येतंय का बघ," मी म्हटलं.

त्यानं भिंग लावून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बडीशेप चघळायचा थांबला.

"अक्का, कोण म्हणतंय हललीय?"

"सगळं जग म्हणतंय."

"हललेलं माणूस एका बाजूला ओढल्यासारखं येतं. ही सगळीकडून सारखी पुसट आहे. आणि खुर्ची बघा की. खुर्चीपण पुसट. खुर्ची हलली का?"

मी भिंग डोळ्याला लावलं. आईचा हात पुसट होता. हाताखालची खुर्चीची पाठ तेवढीच पुसट होती, तिचे खालचे पायसुद्धा. सागवानी खुर्ची. आमच्या घरात अजून आहे, उचलायची म्हटली तर दोघं लागतात. बावन्न वर्षं मी हा फोटो बघत आले आणि चेहरा शोधायच्या नादात माझी नजर खुर्चीवर एकदाही गेली नाही.

कुमारनं कॅमेऱ्याचं कडं फिरवून दाखवलं. "हे आकडे मीटरचे असतात, अक्का. रशियात फूट नाहीत. तात्यांनी पाच फुटांसाठी पाच लावले असणार. कॅमेऱ्यानं पाच मीटरवरचं स्पष्ट केलं, म्हणजे सोळा फुटांवरचं. तुम्ही बसला होता तिथलं."

नाचता येईना अंगण वाकडं, हे मी खिडकीतून किती गिऱ्हाइकांना ऐकवलं असेल. आमच्याच अंगणात ते इतकी वर्षं चाललं होतं. पण खरं सांगते, तेव्हा मला तात्यांचा राग नाही आला. चूक कुणाचीही होते. मला आनंद झाला. माझी आई उभी राहिली होती. सांगितलं होतं तशी, गप.

तो आनंद चहा येईपर्यंत टिकला. कुमारनं पुसायला म्हणून कातडी पेटी रिकामी केली, तेव्हा तळाच्या मखमलीखालून एक चिठ्ठी निघाली. अक्षर तात्यांचं. तारीख टाकल्याशिवाय ते कागदाला पेन लावायचे नाहीत.

'दि. २६-१०-७२. रशियन कॅमेरा. आकडे मीटरचे आहेत. २ म्हणजे साडेसहा फूट. ३ म्हणजे दहा फूट. ५ म्हणजे सोळा फूट.'

मी बोटांवर मोजलं. सव्वीस ऑक्टोबर ते दोन डिसेंबर. सदतीस दिवस. त्यातले शेवटचे दहा ती अंथरुणात होती. बाकीचे दिवस ती आडावरून पाणी आणत होती, भाकऱ्या थापत होती, त्याच अंगणात सडा घालत होती. कुमार बाकीच्या जोड्या चाळत होता. त्यांच्या कडेलाही तारखा होत्या. पाच नोव्हेंबर, शेजारच्या सराफाची नवी स्कूटर. तिच्या नंबरप्लेटवरचा आकडा न् आकडा वाचता येत होता.

कुमारनं हळूच ती जोडी उलटी ठेवली. "नवीन काही करता येणार नाही, अक्का," तो म्हणाला. "जे काचेतनं आत गेलंच नाही, ते बाहेर कुठनं काढू?"

घरी आले. तात्या उशीला टेकून बसले होते. मला बघून "वैजू, आलीस?" म्हणाले, म्हणजे त्या वेळी डोकं ठिकाणावर होतं. मी आईची खुर्ची फरफटत खाटेजवळ ओढली, बसले आणि चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. ती लांब धरून त्यांनी वाचली.

"पाच म्हंजी सोळा फूट," ते म्हणाले.

"मग आई हलली होती?"

ते चिठ्ठी परत पहिल्यापासून वाचायला लागले.

"ही खुर्ची हलली व्हय, तात्या?"

"न्हाय."

"आईला सांगितलंत हे?"

त्यांनी चिठ्ठीची घडी केली, उलगडली, परत घडी केली. "ती रडली हुती," ते म्हणाले. "म्हनली, म्या तर श्वास बी घेतला न्हाय वो. म्या म्हनलं, घेतलास. धा मान्सांत म्हनलं. मग कळ्ळं आकड्याचं. आता कुटल्या तोंडानं सांगायचं? म्हनलं, दिवाळी हुंद्या. दिवाळीनंतर काढू की परत."

"आणि ती गेल्यावर? मला का नाही सांगितलंत? मला जन्मभर ती हलली, ती हलली म्हणून ऐकवत आलात."

"म्हनत म्हनत खरंच वाटाय लागलं की गं."

पडलो तरी नाक वर, असा हा माणूस होता. आता नाकही खाली आलेलं मी बघत होते आणि मला काडीचं समाधान होत नव्हतं. दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. शहाऐंशी वर्षांच्या माणसाच्या कुठं देणार? आणि दिल्या तरी ज्या बाईला त्या बघायला मिळायला हव्यात ती 'मीच हलले असेन' असं मानून गेली.

मग मला माझं काम आठवलं. अजून एक गोष्ट त्यांच्याजवळ होती, आणि उद्या सकाळी असेलच याचा भरवसा नव्हता. मी राग गिळला. त्यांचा हात धरला.

"तात्या, जाऊ दे ते सगळं. आई दिसायची कशी, ते सांगा. डोळे कसे होते? नाक माझ्यासारखं होतं का? डोळे मिटा आणि बघून सांगा. मी लिहून घेते."

त्यांनी शहाण्या पोरासारखे डोळे मिटले. मी वही काढली. कपाळाला आठ्या घालून ते बघत होते, बराच वेळ बघत होते. त्यांचे ओठ हलत होते.

"पदर दिसतोय," ते म्हणाले. "खुर्चीवर हात हाय."

"चेहरा, तात्या."

त्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले. कडेनं पाणी आलं.

"तसाच हाय गं," ते म्हणाले. "फोटुतल्यावानीच. दुसरा न्हाईच येत."

मी वही मिटली. स्वयंपाकघरात जाऊन भात टाकला. तात्या मागून विचारत होते, सिस्टर, मथुरा आली का?