पट्टीवरची माणसं

दीपेशनं केबल बंद केली ती पैसे वाचवायला. हे त्याचंच म्हणणं, आणि ते त्यानं घरात इतक्यांदा ऐकवलं की समोरच्या फ्लॅटवाल्यांनाही पाठ झालं असेल. "आई, महिन्याला साडेतीनशे रुपये त्या केबलवाल्याच्या घशात कशाला घालायचे? आता सगळं नेटवर मिळतं." मग ते साडेतीनशे वाचवण्यासाठी त्यानं भिंतभर टीव्ही आणला, फायबरची लाइन घेतली, तीन-चार अ‍ॅपांचे वर्षाचे पैसे भरले, आणि टीव्हीखाली शोभेल असं कपाट सुताराकडून करून घेतलं. दमडीची कोंबडी आणि रुपयाचा मसाला. पण म्हणून दीपेशला हिशेब कळत नाही असं कोणी समजू नये. ज्यानं पनवेलमध्ये जमिनीची दलाली करून दोन फ्लॅट आणि एक गाडी उभी केली, त्याला हिशेब कळत नाही असं म्हणणारा स्वतःच मूर्ख.

त्याच्या आईला, भामाला, टीव्हीतलं फारसं काही लागत नव्हतं. मालिकांमधल्या बायका झोपतानाही दागिने घालतात म्हणून ती त्यांना नावं ठेवायची. तिला लागायची फक्त लोकल चॅनलची पट्टी. पनवेल-उरणकडच्या गावांत हे चॅनल म्हणजे चावडीच. कुठल्या गावात हळद आहे, कुठल्या गावदेवीची जत्रा आहे, आणि कोण गेलं, हे सगळं पडद्याच्या तळाशी सरकत राहायचं. गेलेल्याचं नाव, गाव, अंत्ययात्रेची वेळ, मग दशक्रियेचा घाट. एकदा पट्टीवर आलं की घरोघर सांगितल्यासारखंच. मग 'मला कळलं नाही' ही सबब कोणाची चालत नाही. लग्नाला बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि मयताला बोलावण्याची वाट बघू नये, ही तिकडची रीत. भांडण कितीही जुनं असो, पट्टी वाचली की माणूस उठतो आणि जातो.

भामा दुसरी शिकलेली. अक्षर अक्षर जुळवून वाचायची, आणि पट्टी तर पळायची, म्हणून ती टीव्हीच्या पुढ्यात पाट घेऊन बसायची. ती एकच नाव शोधत असे, आणि ते सापडू नये म्हणून मनातल्या मनात गावदेवीला हात जोडत असे. तिच्या माहेरच्या, आपटा गावच्या, काशीराम घरताचं. तिच्या थोरल्या भावाचं, तिच्या दादूसचं.

चार वर्षांपूर्वी आपट्याच्या वडिलोपार्जित जमिनीला बिल्डर लागला. बहिणींनी अशा वेळी हक्कसोडीवर सही करायची आणि भावाकडून साडीचोळी घेऊन हसत परत यायचं, असंच चालत आलेलं. भामाही करणार होती. दीपेशनं तिचा हात धरला. "कायद्यानं तुझा हिस्सा आहे, आई. भावाच्या प्रेमापायी नातीच्या तोंडचा घास काढणार का?" नवरा गेलेला, पोटाला एकच मुलगा, त्याच्याच घरात राहायचं. भामानं सही केली नाही. काशीरामनं तिला अंगणातच उभं केलं आणि सगळ्या भावकीसमोर शपथ घातली, "भामे, माझ्या दारात आलीस, नायतर फोन केलास, तर माझं मेलेलं तोंड बगशील."

शिकलेल्या माणसाला असल्या शपथेचं काही वाटणार नाही. भामाला वाटायचं. आपण फोन केला आणि तिकडं दादूसला काही झालं तर, या भीतीनं तिनं चार वर्षं त्या घरचा नंबर लावला नाही. तिच्या मते तिच्या गप्प बसण्यावरच भाऊ जिवंत होता. एवढंच तिला हवं होतं, की शपथ सुटेल त्या दिवशी, म्हणजे तो जाईल त्या दिवशी, आपल्याला कळावं. मग कोणाच्या बापाला न विचारता जायचं, त्याच्या तोंडात पाण्याचे चार थेंब घालायचे, आणि आपण चुकलो हे त्याच्या कानाशी सांगायचं. जिवंतपणी ऐकलं नाही, मेल्यावर तरी ऐकेल.

हे ती दीपेशला कसं सांगणार? ज्यानं आग लावली त्याच्याचकडे पाणी मागायचं. म्हणून केबल गेली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्यावर भजनं लागायची रे."

"नेटवर हजार भजनं आहेत."

"आनि ती पट्टी?"

"त्या पट्टीत काय असतं, आई? मेलेली माणसं. रोज उठून तेच बघायचं का? डोक्यावर परिणाम होतो."

सून मनस्वीनं तिला नव्या रिमोटचं शिक्षण दिलं. हे बटण दाबून ठेवायचं आणि तोंडानं सांगायचं, काय पाहिजे ते. भामानं बटण दाबून सांगितलं, "बातम्या." बातम्या लागल्या, दिल्लीच्या. कुठल्या कुठल्या देशातल्या लढाया, पूर, सोन्याचा भाव. जगभरची मेलेली माणसं त्यात होती, आपट्याचं कोणी नव्हतं. बिल्डिंगमध्येही गावाकडचं माणूस औषधाला नाही. कोणी घाटावरचे, कोणी उत्तरेकडचे, आणि तळोज्याच्या कारखान्यांत शिफ्ट करणारी पोरं, जी दिवसा झोपायची. कोणाला विचारणार?

मग ती दीपेशलाच विचारायची, जेवण वाढताना, सहज विचारल्यासारखं. "आपट्याची काय खबर?"

"मामा ठणठणीत आहे," तो ताटातून मान वर न करता सांगायचा. "तुला मला पोचवून जाईल तो."

भामाला तेवढंच पुरायचं. त्या दिवशी तिला दोन घास जास्त जायचे. एके दिवशी तो पांढराशुभ्र शर्ट घालून सकाळीच निघाला, पक्षाची मीटिंग आहे म्हणाला. दुपारी आल्या आल्या, कशाला हात न लावता, आधी अंघोळीला गेला. उन्हानं जीव नकोसा झाला म्हणाला. भामानं त्याला कोकम सरबत करून दिलं.

त्यालाही दोन महिने झाले असतील. एका दुपारी मनस्वी आत फोनवर बोलत होती आणि भामा हॉलमध्ये एकटी. रिमोट हातात आला तशी तिला लहर आली. बटण दाबून ती म्हणाली, "आपट्याचं भजन."

आणि टीव्हीनं आपटा काढून दिला. लोकल चॅनल आपले कार्यक्रम नेटवरही टाकत असे. हे भामाला माहीत नव्हतं. दीपेशला बहुधा माहीत होतं, पण म्हातारी तिथवर पोचेल असं त्याच्या हिशेबात नव्हतं. पडद्यावर पाताळगंगा दिसली. घाटाच्या पायऱ्या दिसल्या, जिथं तिनं लहानपणी कपडे धुतले होते. भामा खुदकन हसली. भजन चाललं होतं, मांडव घातला होता, माणसं मांडी घालून बसली होती. कोणाची तरी दशक्रिया होती. गावातलं कोण गेलं असेल, म्हणून ती पाट ओढून जवळ सरकली, आणि कॅमेरा हार घातलेल्या फोटोवर गेला.

दादूस फेटा बांधून बसला होता. तिच्याच मुलाच्या, दीपेशच्या, हळदीतला फोटो होता तो.

तिला रडू आलं नाही. पडद्यावर वहिनी दिसली, कोऱ्या कपाळाची, दोन बायकांनी धरलेली. मग भाषणं सुरू झाली. तिकडं दशक्रियेला पुढाऱ्यांनी माइकवर श्रद्धांजली वाहिल्याशिवाय मेलेल्याला गती मिळत नाही. सरपंच बोलला, आणखी कोणी बोललं. मग पांढराशुभ्र शर्ट घातलेला एक माणूस उठला, त्यानं फोटोला वाकून नमस्कार केला आणि माइक हातात घेतला.

"मामांनी मला अंगाखांद्यावर खेळवलं," दीपेश सांगत होता. आवाज अगदी भरून आलेला. "आज माझ्या आईनं इथं असायला पाहिजे होतं. मी तिच्या पाया पडलो, मंडळी. गाडी दारात लावली. पण ती म्हणाली, माझा भाऊ चार वर्षांपूर्वीच मेला. काय करणार? आई आहे. जमिनीचंही तेच. मी आजच्या आज सही आणून द्यायला तयार आहे, पण म्हातारीच्या हट्टापुढं माझं चालत नाही. तिच्या वतीनं मी हात जोडून माफी मागतो."

मांडवातल्या बायकांनी माना हलवल्या. वहिनीनं पदर तोंडाला लावला. कोणीतरी दीपेशच्या पाठीवर हात ठेवला.

आवाज ऐकून मनस्वी बाहेर आली आणि दारातच थबकली. हे काय, असं तिनं विचारलं नाही. तिनं विचारलं, "आई, हे तुम्ही कुठून काढलंत?"

भामानं रिमोट पदराखाली धरला.

मनस्वीनं रिमोट काढून घेतला आणि टीव्ही बंद केला. ती काही वाईट बाई नव्हती, जेवायला गरम वाढायची, गोळ्या वेळेवर द्यायची. आताही ती समजावणीच्याच सुरात बोलली. "मामा दवाखान्यात होते तेव्हाच ह्यांना कळलं होतं. म्हणून तर केबल काढली. तुमचा स्वभाव आम्हाला माहीत नाही का? तुम्ही तिथं गेला असतात, गळ्यात गळे घातले असतेत आणि तिथल्या तिथं सही करून आला असतात. अंकिताच्या मेडिकलचा खर्च मग कोण देणार होतं? तुमच्याच नातीसाठी केलं ना सगळं? आता झालं ते झालं. चहा टाकू का?"

भामाला बोलायला पुष्कळ होतं, पण जिच्या छपराखाली राहायचं तिच्याशी भांडून जायचं कुठं? ती आपल्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं. तिच्या साध्या फोनमध्ये भाच्याचा, दादूसच्या धनेशचा, नंबर होता. शपथेचं भय आता कशाला? ज्याच्यासाठी पाळली तो राहिला नव्हता. तिनं बटण दाबलं.

"कोन?"

"धनेश, मी रे. भामाआत्या." तिचा आवाज फुटला. "मना आज कळलं, बाला. आत्ता."

लहानपणी हा पोर तिच्या कडेवरून उतरायचा नाही, आत्या तू, आत्या तू, करत मागे फिरायचा.

"आज कळलं तुमाला?" तो म्हणाला.

"देवाशपथ आजच. मना कोनी सांगितलंच नाय."

"पट्टी दहाव्यापर्यंत चालू होती. रोज. फोटो टाकून." तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं. "बाबांनीच सांगून ठेवलेलं. म्हनले, भामीला फोन करू नका, शपथ मी घातलेली हाय. पट्टीवर टाका, फोटो मोठा टाका, तिला वाचायला येल ना येल. ती पट्टी बगते, मना ठाव हाय. ते पन रोज बसायचे ना पट्टी बगत. तुमचं नाव नाय आलं की मग जेवायचे. आमी त्यांना संध्याकाळपर्यंत ठेवला, आत्या. अंधार पडेपर्यंत. सगळी भावकी म्हनत होती, उचला. आई म्हनत होती, नाय, भामा येल."

दादूसला आता काही सांगता येणार नव्हतं. पण भाच्याला एवढं तरी कळलं पाहिजे होतं. एवढं कळलं तर तो वहिनीला सांगेल.

"मी बगायचे रे पट्टी. रोज बगायचे. पन आमच्याकडं केबल नाय. दीपेशनं बंद केली."

"केबल बंद केली."

"हां."

"कशाला?"

दीपेश मुद्दाम तसं वागला, हे तिच्या ओठावर आलं होतं. पण पोटचा पोर. चार माणसांत तो माइकवर रडला होता, आणि आईनं त्याचं तोंड काळं करायचं? शिवाय उद्या याच घरात सकाळ व्हायची होती. बोलताना तिची जीभ वळली ती तिला गेले कित्येक महिने ऐकवलेल्या वाक्यावरच.

"पैसे वाचवायला," ती म्हणाली.

धनेश हसला. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात.

"एवढ्या जमिनीवर बसलाय तुमी, आत्या," तो म्हणाला, "आनि केबलला तीनशे रुपये नाय? नव्हतं यायचं तर नव्हतं यायचं. पन मेलेल्या मानसाच्या नावानं असलं तरी सांगू नका."

त्यानं फोन ठेवला. भामानं परत लावला, तो वाजून वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा एकदाच वाजला आणि तुटला. बाहेर मनस्वीनं चहा झाल्याची हाक मारली.