पालथी निळी टाइल

मित्रांनो, माझा आवाज थोडा दबलेला येईल, सांभाळून घ्या. मी एक निळी टाइल आहे. तीही धड नाही, फुटकी, आणि बरेच महिने एका बागेच्या वाटेत पालथी पडलेली आहे. माझं तोंड मातीत आहे आणि खरबरीत पाठ आभाळाकडे. माझं रूप आता फक्त गांडुळं बघतात.

माझा जन्म भट्टीतला. माती दळून, दाबून, भाजून मला चौकोनी केलं, मग अंगावर निळा लेप चढवला आणि पुन्हा भाजलं. बाहेर आले तेव्हा इतकी गुळगुळीत होते, की विचारू नका. त्याचा मला केवढा तोरा! आम्हा बहिणींना खोक्यात भरून एका मोठ्या घराच्या न्हाणीघरात नेलं. तिथे गवंडीकाका काम करत होते. माझ्या वाट्याला नेमकी नळाची जागा आली. पाइपापुरती खाच पाडायला काकांनी मला कापायला घेतलं, हात जरासा हलला आणि माझा कोपरा तुटून पडला. बहिणी भिंतीवर चढल्या, मी राडारोड्याच्या ढिगावर गेले. नव्याची नवलाई म्हणतात, ती माझ्या नशिबी एक दिवससुद्धा नव्हती.

काकांची एक सवय होती. काम सुटलं की मालकाला विचारून ते त्या ढिगातलं काहीबाही गोणीत भरून घरी न्यायचे. घरामागची त्यांची बाग अशा उरल्यासुरल्यावरच उभी होती. अर्ध्या विटांचे वाफे, फुटक्या कौलांच्या कडा, पाइपाच्या तुकड्यात पुदिना, आणि भोक बुजवलेल्या जुन्या बेसिनमध्ये चिमण्यांसाठी पाणी. शेजारी थट्टा करायचे, "गवंडीकाकांकडे सगळं आहे, फक्त अख्खं काही नाही!"

यावर काकू, म्हणजे काकांची बायको, कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "अख्खं तुमच्याकडे असू दे. जे कुणालाच नको, ते आम्हाला हवं."

त्या दिवशी काकूंनी गोणी उपडी केली आणि मला पाहून त्यांचा चेहरा फुलला. ओल्या फडक्याने त्यांनी मला पुसलं. इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता. काका तेव्हा फरशीच्या तुकड्यांची वाट बांधत होते, मागच्या दारापासून नळापर्यंत, खिडकीखालून जाणारी.

"अहो, ही वाटेत बसवा. सगळं कसं राखाडी दिसतंय."

"ही भिंतीची टाइल आहे. भिंतीची ती भिंतीला, जमिनीची ती जमिनीला. पाणी पडलं की लोण्यासारखी होते ही."

"एवढीशी तर आहे! मी काय लहान पोर आहे धावत सुटायला?"

"घसरशील."

"घसरले तर तुम्ही आहातच धरायला."

काकांनी मान हलवली. साऱ्या गावाच्या भिंती ओळंबा लावून सरळ उभ्या करणारा माणूस, पण बायकोच्या हट्टापुढे त्यांचा ओळंबा नेहमी थोडा कलायचा. त्यांनी मला वाटेच्या अगदी कडेला बसवलं. "इथे कुणाचा पाय पडणार नाही," असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी थापीने चारी बाजू सारख्या केल्या.

मित्रांनो, ते दिवस माझ्या सुखाचे होते. काकू रोज सकाळी झाडांना पाणी घालायच्या आणि शेवटी पाइपाची धार माझ्यावर धरायच्या. मी चमकले की त्या घरात हाक मारायच्या, "अहो, या बघा, तुमची लाडकी हसली!" काका आतूनच म्हणायचे, "माझी कसली? तुझीच." वर्षामागून वर्षं गेली. काकूंचे केस पिकले, काकांचे गुडघे कुरकुरू लागले, त्यांची लेक लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली. मी मात्र तशीच निळी होते.

आणि मग ती सकाळ आली. वाटेच्या मधोमध, दोन तुकड्यांच्या फटीत, झेंडूचं रोप उगवलं होतं. काकू नळाकडे निघाल्या होत्या. ते इवलंसं रोप पायाखाली येऊ नये म्हणून त्यांनी पाय कडेला टाकला. तो माझ्यावर पडला. मी ओली होते. मी त्यांना धरू शकले नाही हो. धरून ठेवणं माझ्या अंगातच नव्हतं.

काकूंच्या खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून त्यांना घरी आणलं आणि खाट बागेच्या खिडकीशी लावली. काका पुन्हा पुन्हा विचारत, "अगं, पडलीस कशी?" काकूंचं उत्तर ठरलेलं. "चक्कर आली हो. वयच झालं आता."

पण काका गवंडी होते. काकूंना घरी आणलं त्याच संध्याकाळी ते वाटेवर उकिडवे बसले आणि माझ्यावरचा चपलेचा काळा फराटा त्यांनी पाहिला. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. मग छिन्नी आणि हातोडा घेऊन आले. मला वाटलं, आता माझे तुकडे होणार, आणि खरं सांगते, ते मला चाललं असतं. काकांनी हातोडा उचलला, तसाच धरून ठेवला आणि खाली ठेवला. मला अलगद उकरलं, पालथं केलं आणि पुन्हा तिथेच बसवलं. या वेळी त्यांनी थापीने बाजू सारख्या केल्या नाहीत, म्हणून मी आजही थोडी तिरकी आहे.

दुसऱ्या दिवशी खिडकीतून काकूंचा आवाज आला. "अहो, निळी दिसत नाही ती?"

"तडकली होती. टाकून दिली."

मग काकू म्हणाल्या, "बरं केलंत."

काका कामाला गेले आणि काकू हुंदके देऊन रडल्या. आईजवळ थांबलेली लेक धावत आली तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांना कळलंय गं मी कशी पडले ते. पण तू अवाक्षर काढू नकोस. हट्ट माझा होता आणि जन्मभर बोल लावून घेतील ते स्वतःला."

पुढे ती दोघं खूप बोलायची. पुदिन्याबद्दल, चिमण्यांबद्दल, लेकीच्या पोरांबद्दल. जगातल्या सगळ्या गोष्टी त्या खिडकीत झाल्या, एक माझी सोडून. काकू काही त्या खाटेवरून उठल्या नाहीत. छातीत कफ भरत गेला आणि एका दुपारी त्या गेल्या.

सगळे पाहुणे परतल्यावर एकदा बाप-लेक मागच्या पायरीवर बसले होते. लेकीला राहवलं नाही. "बाबा, आईला चक्कर आली नव्हती."

"ठाऊक आहे मला. तिने माझ्यासाठी थाप मारली होती. मी पटल्यासारखं दाखवलं. तेवढंच तिला समाधान."

"पण बाबा, तुम्हाला कळलंय हे आईला ठाऊक होतं. निळी दिसेनाशी झाली त्याच दिवशी तिने ओळखलं."

काका तिच्याकडे वळून म्हणाले, "मला वाटलं, टाइल तडकली हे तिला पटलं." मग ते वाटेकडे बघत म्हणाले, "तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. मग आम्ही दोघं कुणासाठी गप्प बसलो गं?"

लेकीने त्यांचा हात धरला.

मित्रांनो, मोडक्या-तोडक्या वस्तू टाकू नका. त्यांना बागेत जरूर जागा द्या, त्यांच्या अंगी जे असेल त्याचं चीज होईल अशी जागा द्या. भिंतीची टाइल मात्र पायाखाली घालू नका, कुणी कितीही लाडाने मागितली तरी. आणि तरीही घात झालाच, तर माझी एवढी विनवणी ऐका. आपल्या माणसाला जपायचं म्हणून त्याच्यापासून तोंड मिटून बसू नका. माझं तोंड दुसऱ्याने मातीत दाबलंय, तुमचं तर मोकळं आहे. काका-काकूंचा संसार चाळीस वर्षांचा होता आणि शेवटच्या दुःखात एकमेकांच्या गळ्यात पडून रडणं तेवढं राहून गेलं.