ऑब्रीच्या शेतातली कडी

लायोनेल थ्रॉवरचा दावा असा होता की, जमिनीत पुरलेलं नाणं आणि बिअरचा डबा उघडायची कडी यांतला फरक त्याला नुसत्या कानाने कळतो. मेटल डिटेक्टरच्या पडद्यावर दोघांचा आकडा एकच येतो, हे त्याला मान्य होतं. पण आकड्यांवर विसंबायचं ते नवशिक्यांनी. नाणं स्वच्छ गातं. अ‍ॅल्युमिनियम खाकरतं. इंग्लंडातल्या नॉरफोकच्या शेतांतून तीस वर्षं तो जुनी नाणी शोधत हेडफोन लावून हिंडला आणि जिथे खाकरणं ऐकू आलं तिथे न वाकता पुढे गेला. त्यामुळे त्याची कंबर शाबूत होती. नाणी शोधणाऱ्यांच्या क्लबातली बाकीची मंडळी कमरेला पट्टे आवळून येत. लायोनेल त्यांच्याकडे दयेने बघे.

त्याच्या कमरेला दोन पिशव्या असत. डावी नाण्यांची, उजवी कचऱ्याची. कारण दुसऱ्याच्या शेतात उकरलेला कचरा तिथेच टाकायचा नसतो, हा या मंडळींचा नियम. डावी पिशवी बहुधा चपटी असे. उजवीत मात्र कड्याच कड्या. कधीकधी कडीही गाते, हे लायोनेलने मनातल्या मनात मान्य केलं होतं. पण तो अपवाद. पिशवी अपवादांनी भरली होती.

सप्टेंबरात कापणी उरकली आणि एडिथ लार्टरबाईंनी त्याला बोलावलं. बाई अठ्ठ्याऐंशीच्या. लायोनेल लहानपणी चॅपेलात, म्हणजे गावच्या छोट्या प्रार्थनाघरात, त्यांच्या रविवारच्या वर्गात बसायचा, त्यामुळे आता तो साठी ओलांडून गेला तरी त्यांच्या लेखी नाक पुसायला विसरणारा पोरगाच होता.

"तुला म्हणे कडी ओळखता येते."

"येते ना. म्हणून तर मी उकरत नाही."

"आता उकर. नाणी निघाली तर तुझी. मला कडी पाहिजे."

भानगड अशी होती. एकाहत्तर साली एडिथबाई आणि त्यांचा नवरा ऑब्री, दोघांनी चॅपेलात सगळ्यांसमोर शपथ घेतली होती, की यापुढे दारूचा थेंब शिवायचा नाही. त्यानंतर सोळा वर्षं, मरेपर्यंत, ऑब्री या लांबोडक्या शेतात एकटा ट्रॅक्टर चालवत होता. चॅपेलामागच्या दफनभूमीत त्याच्याशेजारची जागा बाईंसाठी राखलेली. दगडावर नावही कोरून तयार, फक्त तारीख भरायची. आता जागा कमी पडायला लागली आणि शुक्रवारी चॅपेलची माणसं विचारायला येणार होती, की बाई, जागा घेताय की सोडताय?

"तो लपून प्यायला का, एवढं मला शुक्रवारच्या आत कळायला हवं," बाई म्हणाल्या आणि बांधावर घडीची खुर्ची टाकून बसल्या.

पहिलंच खाकरणं ऐकून लायोनेल म्हणाला, "ही कडी."

उकरलं. चांदीच्या पेनीचा पाव तुकडा निघाला, कुठल्यातरी एडवर्ड राजाच्या वेळचा.

"कडी अशी असते?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग पुढे चल."

"ही मात्र शंभर टक्के," लायोनेल पुढच्या खाकरण्यावर म्हणाला. व्हिक्टोरिया राणीचं सोन्याचं नाणं निघालं, अर्ध्या सॉव्हरिनचं. बाईंनी जांभई दिली.

दुपारपर्यंत डावी पिशवी फुगली आणि लायोनेलचा चेहरा उतरला. चर्चमागचं कुरण त्याला आठवत होतं. तिथे एकदा एक अख्खी रांग खाकरत होती आणि तो शीळ घालत पुढे गेला होता.

तीनच्या सुमाराला शेत संपलं. कडी एकही नाही.

"बाई, काळजी मिटली," लायोनेल म्हणाला. "ऑब्रीकाका अगदी धुतल्या तांदळासारखे निघाले."

बाईंच्या हातातलं चीज-लोणच्याचं सँडविच तसंच राहिलं. "एकही नाही?"

"शपथेवर सांगतो."

"मग मी त्याच्याशेजारी कशी झोपू रे?"

लायोनेलला काही उमगेना.

"शहात्तरचा उन्हाळा आठवतो? ऑब्री बाजाराला गेला होता. कापणीयंत्रावरच्या माणसाने मला एक गार डबा दिला. कपडे धुण्याच्या खोलीत उभ्याउभ्या प्यायले. दुसरा मागून घेतला."

"दोनच ना?"

"त्या दिवशी दोन." बाईंनी शेताकडे पाहिलं. "रोज जेवणाआधी तो माझा हात धरून प्रार्थना म्हणायचा. त्याचीही एखादी कडी निघाली असती तर फिटंफाट झाली असती. आता तो तसा स्वच्छ, आणि मी शेजारी. तेही कायमची. जागा सोडते म्हणून सांगते झालं."

लायोनेलने हेडफोनची वायर सरळ केली. मग म्हणाला, "ओकच्या झाडाखाली राहिलंच बघायचं. ऑब्रीकाका तिथे जेवणाचा डबा खायचे ना?"

झाडाआड त्याने उजव्या पिशवीत हात घातला. पहिली निघाली ती हल्लीची, डब्यालाच चिकटून राहणारी. ही चालणार नव्हती. असली यायच्या आधीच ऑब्री गेला. दुसरी जुन्या चालीची, पत्र्याच्या जिभेसकट डब्यातून उपटून येणारी. तीस वर्षांत इतक्या खात्रीने त्याने काही ओळखलं नव्हतं. थुंकी लावून मातीत घोळली, वाकवली, टाचेने दाबली आणि वरून यंत्र फिरवलं. चांदीसारखी गायली.

"बाई, इकडे या. नाणं असावं बहुतेक."

बाई काठी टेकत आल्या. लायोनेलने उकरून कडी त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी ती चष्म्याजवळ नेली, उलटसुलट केली.

"लबाड," त्या म्हणाल्या. लग्नातल्या फोटोतही त्या इतक्या हसल्या नव्हत्या. "हात धरून प्रार्थना म्हणत होता, लबाड."

"मग शुक्रवारी हो सांगायचं ना?"

"एका कडीवर?" बाईंनी लायोनेलला खुर्ची आणायला पाठवलं आणि ती झाडाखाली मांडून बसल्या. "नीट बघ. माझ्या अंदाजाने निदान चाळीस तरी निघायला हव्यात."

लायोनेलने उजवी पिशवी हळूच तोलून पाहिली. चाळीस भरायला हरकत नव्हती. "चहा आणता का बाई?" तो म्हणाला. "घरून. सावकाश आलात तरी चालेल."