पंखाच्या फासळीचा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. गावाचा किंवा रस्त्यांचा नव्हे, विमानाच्या पंखाचा. नकाशाची हकिगत कोपऱ्यातल्या चौकटीत लिहिलेली असते, म्हणून मीही माझी तशीच सांगतो.

चौकट

पान: बारापैकी सातवे. विषय: पंखाची फासळी, म्हणजे पंखाला वळण देणारा आडवा लाकडी सांगाडा, खऱ्या आकारात. मापे: इंचांत. जन्म: समुद्रापलीकडे, एका आखणीकाराच्या टेबलावर. मुक्काम: धानोरी, पुणे.

मी मूळ कागद नाही. मी नकलेची नक्कल आहे. नारायण पेठेतल्या एका मोठ्या यंत्राने मला छापले आणि छापताना मी आकसलो. फार नाही, शंभरात एक. त्या दिवसापासून माझ्या रेषा किंचित आखूड आहेत. आकडे मात्र जसेच्या तसे आहेत, कारण आकडा कितीही बारीक छापला तरी तो तोच राहतो.

मला आणले अपेक्षा गजभियेने. ती खराडीत इंजिनिअर आहे. तिला एकाच माणसाने बसायचे लाकडी विमान घरी बांधायचे होते. उडवायला ती आधीच शिकून आली होती. बांधणार होते तिचे वडील, सुदर्शनराव. कारखान्यात ओतकामासाठी लाकडी साचे करण्यात त्यांची छत्तीस वर्षे गेली होती. त्यांच्या हाताने लाकूड कसे वळते ते मी पाहिले आहे. मला त्यांचा अभिमान वाटतो, आजही.

दुरुस्ती पहिली, हिरव्या शाईत

इथे प्लाय, बोल्ट, ड्रिल सगळे मिलिमीटरमध्ये मिळते. म्हणून आम्हा बारा भावंडांची मापे बदलायचे ठरले. अकरा पाने अपेक्षाने केली. प्रत्येक आकड्याला पंचवीस पूर्णांक चारने गुणायचे, तपासायचे, मग लिहायचे. माझी पाळी शनिवारी येणार होती. माझ्यावर फासळीच्या वळणाचे चाळीस आकडे होते, सगळे अपूर्णांकांत.

गुरुवारी दुपारी सुदर्शनरावांना वाटले, पोरीचा भार हलका करावा. नकाशा खऱ्या आकाराचा आहे, मग गुणाकार कशाला? त्यांनी मिलिमीटरची पोलादी पट्टी थेट माझ्या रेषांवर ठेवली. वाचले, लिहिले. वाचले, लिहिले. संध्याकाळपर्यंत चाळीस आकडे हिरवे झाले.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. पण नकाशाला ओरडता येत नाही. तो फक्त दिसतो.

"झालं बघ तुझं सातवं पान," ते म्हणाले.

अपेक्षाने हिरव्या आकड्यांवरून नजर फिरवली आणि मला घडी घातली. बाबांच्या मापावर शंका कोण घेणार?

चार महिने

बावीस फासळ्या. प्रत्येक फासळी पट्ट्या वाकवून, चिकटवून, घासून तयार केलेली. गाड्यांच्या जागेत त्या ओळीने टांगल्या होत्या. शेजारीपाजारी बघायला यायचे. "अहो, गाडी बाहेर उन्हात आणि विमान घरात!" शर्मिलाताई, अपेक्षाची आई, प्रत्येकाला ऐकवायच्या. पण फासळ्यांवरची धूळ त्याच पुसायच्या.

छेद: एक रविवार

त्या दिवशी पंखाची मुख्य तुळई फासळ्यांतून ओवायची होती. तुळई अपेक्षाच्या आकड्यांवर बनली होती, फासळ्या हिरव्या आकड्यांवर. तुळई पहिल्या फासळीच्या खाचेला टेकली आणि थांबली.

"दीड मिलिमीटर," सुदर्शनराव म्हणाले. "खाच घासू."

"खाचेवरची लाकडी पट्टी सहा मिलिमीटरची आहे, बाबा. घासली तर साडेचार उरेल."

"मग तुळईला रंधा मारू."

अपेक्षाने टेप काढून फासळीची लांबी मोजली. बाराशे सात. तिने मला उलगडले.

"बाबा, बारा मिलिमीटर कमी आहेत."

"कागदावर बाराशे सातच आहे. ये, दाखवतो." त्यांनी पट्टी माझ्यावर ठेवली. खरेच बाराशे सात होते.

"आणि इथे काय छापलंय? अठ्ठेचाळीस इंच. म्हणजे बाराशे एकोणीस."

"म्हणजे नकाशाच खोटा!"

अपेक्षाचे बोट माझ्या खालच्या कोपऱ्यावर गेले. तिने वाचून दाखवले: आकडे प्रमाण मानावेत, कागदावर पट्टी लावू नये.

"इतकं बारीक कशाला लिहितात?"

"चष्मा असतो ना माणसाला," दारातून शर्मिलाताई म्हणाल्या. "तो कपाळावर ठेवायला घेतलाय का?"

कोणी हसले नाही. सुदर्शनराव टांगलेल्या फासळ्यांकडे बघत उभे होते. अपेक्षाने ते पाहिले.

"बाबा, शंभरात एकच कमी आहे. मी तुळईचं गणित नव्यानं करते. बारीक तुळईवरही पेलेल बहुतेक."

"बहुतेक?"

"हो."

"त्यात बसणार कोण?"



सुदर्शनरावांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, पहिली फासळी खाली उतरवली, पाटावर धरली आणि करवतीने मधोमध कापली. मग दुसरी. पाचव्या फासळीपासून अपेक्षा दुसरे टोक धरायला बसली. बावीसही कापून झाल्या तेव्हा शर्मिलाताईंनी चहा आणून ठेवला आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही.

दुरुस्ती दुसरी, लाल पेन्सिलीत

दुसऱ्या दिवशी अपेक्षाने सुट्टी घेतली. हिरवे आकडे तिने एकेका रेघेने खोडले. मग ती छापलेला आकडा वाचू लागली.

"पाच इंच, अकरा बत्तीसांश."

सुदर्शनरावांनी डोळे मिटले. कारखान्यात एका इंचाची आठ सुते मोजण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. "म्हणजे पाच इंच पावणेतीन सूत. पाच इंचाचे एकशे सत्तावीस. पावणेतीन सुताचे आठ पूर्णांक त्र्याहत्तर. लिही, एकशे पस्तीस पूर्णांक त्र्याहत्तर."

अपेक्षाने संगणकावर तपासले. "बरोबर. बाबा, हे तुम्हाला येत होतं?"

"येत होतं. पट्टी सोपी वाटली."

चाळीस आकडे लाल झाले. पावणेतीन आठवड्यांनी पहिली नवी फासळी तुळईवर चढली. ढिली नाही, घट्ट नाही. सुदर्शनरावांनी ती दोनदा मागेपुढे सरकवून पाहिली आणि दुसरीच्या पट्ट्या वाफेवर ठेवल्या.

टीपा

आता मी भिंतीवर आहे, तीन रंगांचा. हिरव्या रंगाची मला लाज वाटत नाही. तो मायेपोटी आला होता.

मित्रांनो, मला उन्हात टांगू नका, आकड्यावर घडी पाडू नका, माझ्यावर कप ठेवू नका. हे तर कोणताही कागद मागेल. माझे मागणे एक जास्तीचे आहे. कागद ताणतो, आकसतो, ओलावतो. माझी रेषा तुमची फसवणूक करू शकते, माझा आकडा करणार नाही. म्हणून पट्टी खिशात ठेवा आणि मला वाचा, सावकाश, कोपऱ्यापर्यंत. कारण माझ्यावरून जे बांधाल, त्यात तुमच्या घरचे कोणीतरी बसणार आहे.