चांगल्या दिवसांचा हातोडा

मी हातोडा बोलतोय. माझं डोकं भट्टीतून आलं, पण दांडा सुताराने स्वतः तासून बसवला, म्हणून बाप मानतो मी त्यालाच. त्याच्याकडे मी कधी महिनोन्महिने खुंटीला लटकलो, तर कधी चार-चार दिवस त्याने मला खाली ठेवलं नाही.

दूर शिकायला गेलेली त्याची लेक काल परतली. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले असतील, या धास्तीने आली होती. पाहते तर बाबा उघड्या अंगाने कामाला जुंपलेले! एकोणीस खुर्च्या एकदम सुरू केलेल्या, चौथा पाय एकीलाही नाही.

"ये पोरी! या गावात माझ्या खुर्चीशिवाय कुणी बसणार नाही!"

"बाबा, झोपला कधी होतात?"

"झोप आळशांना लागते!"

आई कौतुकाने म्हणाली, "झाले ना बरे? आता टोकू नकोस."

लेकीने मला घ्यायला हात पुढे केला. तेवढं निमित्त पुरलं. त्याने मला उगारलं आणि एक खुर्ची फोडली, मग दुसरी, तिसरी. ढलप्या उडाल्या, खिडकीची काच खळ्ळकन फुटली.

"जळतेस माझ्या हातांवर!"

"अहो, पोर आहे ती!" म्हणत आई मध्ये पडली, आणि मी तिच्या मनगटावर बसलो. हाड मोडल्याचं मला आधी कळलं, किंकाळी नंतर आली. शेजारच्या लोहाराने सुताराला मागून कवेत जखडलं, तेव्हा कुठे मी सुटलो.

आईच्या हाताला प्लास्टर घालून आल्यावर लेकीने तिला विचारलं, "डॉक्टरांना हे सांगितलंस कधी?"

"पडून असतात, रडतात, ते सांगितलं की. गोळ्याही दिल्यात."

"आणि हा झपाटा?"

"तो कशाला सांगायचा? ते तर आपले चांगले दिवस."

मला तोंड असतं तर सांगितलं असतं, बाई, मला न उचलणारा हात आणि मला न सोडणारा हात एकाच आजाराचे आहेत. तुमच्याही घरी कुणाला असं उधाण आलं, तर पाठ थोपटण्याआधी झोपेचं विचारा.

आज सकाळी मी काचांमध्ये पडून आहे. मला कुणी शिवलेलं नाही. आई पुटपुटली, "झपाट्यावरच्या गोळ्यांनी हातच थंडावले तर?"

सुतार दारात उभा होता. डोळे लाल, आवाज बसलेला. "राहतील ना गं माझे हात?"

लेकीने त्याच्या पायात चपला सरकवल्या.

"तेही विचारू, बाबा. पण आज डॉक्टरांना चांगल्या दिवसांचं सांगायचं. सगळं."