पाठ केलेला पत्ता

पत्ता पाठ करायला मन्साराम कासदेकरला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी तो असा धडाधड म्हणू लागला, की शिकवणाऱ्या जयवंताबाईलाच हसू आलं.

जयवंता गावची आशा सेविका. गरोदर बायांच्या नोंदी करता करता बारा वर्षांत चपलांचे किती जोड झिजले कोण जाणे! पण मेळघाटातून संत्रा तोडायला येणाऱ्या कोरकू टोळ्यांपुढं तिचं रजिस्टर हात टेकायचं. आज या बगीच्यात, उद्या त्या. गावाकडच्या यादीतून निघालेले, इथल्या यादीत न आलेले.

मन्सारामची बायको रामकली आठव्या महिन्यात होती. अंगात रक्त म्हणाल तर नावाला. पहिल्या खेपेला लेकरू झोपडीतच गेलं अन् ती कशीबशी वाचली. होळीला सारी टोळी घरी जाईल, तिकडंच आईजवळ बाळंतपण करू, असं तिचं ठरलेलं. जयवंताचा काही त्यावर भरवसा नव्हता.

"मन्साराम, दर्द सुरू झाला का पयले दवाखान्याच्या गाडीले फोन कर. मंग मले. अन् पत्ता असा सांग. शेंदूरजनाघाटाहून नाला पार केला का खुशालरावचा बगीचा, निळ्या टाकीजवळ. म्हण आता."

मन्साराम म्हणायचा, अडखळायचा, पुन्हा म्हणायचा. टोळीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. "पोपट झाला रे तू," रामकली म्हणायची. त्याच्या गावी कुणी कुणाला पत्ता विचारत नाही. हे शब्द बोलले की गाडी येते, एवढं त्यानं मनात पक्कं धरलं.

"एक शबुद इकडचा तिकडं करू नको बरं," जयवंतानं बजावलं होतं.

होळीला अकरा दिवस होते. सकाळी नऊला फोन वाजला.

"बाई, दर्द चालू झाला. गाडीले फोन केला. पत्ता सांगतला, पूरा." अन् त्यानं तो एका दमात म्हणूनही दाखवला.

वा रे पठ्ठ्या! खरंच असं वाटलं तिला. चपला पायात सरकवून ती निघाली.

निळी टाकी जागेवर होती. टाकीखाली तीन थंड चुली अन् एक फाटकी ताडपत्री. माणूस एक नाही. मागोमाग गाडी आली, अगदी वेळेवर. ड्रायव्हर सुगत खाली उतरला. "ताई, पेशंट कुठं हाये?"

खुशालराव मोटर सुरू करायला आले होते. "ते लोक? परवाच गेले ना! इथला माल संपला. विपुलशेठनं टेम्पोत भरून डोंगराकडं नेले."

विपुलशेठ म्हणजे झाडावरचं फळ विकत घेणारा व्यापारी. एका बगीच्यातलं फळ सरलं, की टोळी उचलायची अन् पुढच्यात नेऊन टाकायची, हा त्याचा दरसालचा रिवाज. कोणी कोणाला कळवत नाही. कळवावं असं कोणाला वाटतही नाही.

"कोणत्या बगीच्यात?"

"आता त्याचे चार हायेत तिकडं, बाई."

जयवंतानं फोन लावला, लागेना. मन्सारामनं बांधावर चढून फोन केला होता अन् तो पुन्हा खाली रामकलीजवळ जाऊन बसला होता. खाली रेंज नव्हती. विपुलशेठचा फोनही उचलला जाईना. पहिला बगीचा पाहिला, दुसरा पाहिला, तिसऱ्यात ते सापडले. तोवर दीड तास होऊन गेला होता. मुलगी झाली होती, चांगली रडत होती. रामकलीखालची गोधडी मात्र रक्तानं चिंब झाली होती. गाडीत, वरुडच्या अलीकडं, तिचा हात जयवंताच्या हातात गार पडला.

आता रडू येईल, असं जयवंताला वाटलं. आलं नाही. पोरीच्या अंगावरचं फडकं ती नीट करत राहिली. नीट झालं तरी करत राहिली.

दवाखान्यात नर्स कागद घेऊन आली. "मयताचं नाव? वय? पत्ता?"

पत्ता म्हटल्याबरोबर मन्साराम बाकावरून उठला अन् ताठ उभा राहिला. "शेंदूरजनाघाटाहून नाला पार केला का खुशालरावचा बगीचा, निळ्या टाकीजवळ." एक शब्द इकडचा तिकडं नाही. नर्सनं तसंच लिहून घेतलं.

मग तो जयवंताकडं वळला. "बाई, म्या बराबर बोललो होतो ना? मंग गाडी येळेवर काहून नाई आली?"

जयवंतानं पोरगी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"बराबर बोलला, मन्साराम," ती म्हणाली. "मी शिकवलं तसंच बोलला."