चार नंबरचं बटण

दुसऱ्याच्या बुडाखालची खुर्ची ओढायची, हा उस्तादचा लहानपणापासूनचा धंदा. पन्नाशी आली तरी जित्याची खोड जाईना. या खेपेला खुर्ची होती सख्ख्या मेहुण्याची.

मेहुण्याला कारखान्यात चिकटवलं उस्तादनंच, बायकोच्या कटकटीपायी. आणि आता घरी रोज तीच टेप: "माझा भाऊ बघा, वर्षात पर्मनंट होतोय. उद्या तुमच्याच डोक्यावर बसेल!"

आज मोठं गिऱ्हाईक यायचं होतं. त्याच्यासमोर मेहुण्यानं कारखान्यातला सर्किट बोर्ड तपासून दाखवला की नोकरी पक्की, असं मालकांनी सांगून ठेवलेलं.

टेबलावरच्या पॉवर सप्लायला, म्हणजे बोर्डाला वीज देणाऱ्या यंत्राला, दहा बटणं. एकेका बटणात एकेका बोर्डाचं सेटिंग साठवलेलं; बटण दाबलं की व्होल्ट आपोआप लागायचे. मेहुण्यानं सकाळीच चार नंबर दोनदा दाबून बघितला. पाच व्होल्ट. बरोबर.

"घशाला कोरड पडलीय तुझ्या. जा, चहा मारून ये," उस्ताद मायेनं म्हणाला.

"भाऊजी, तुम्ही होतात म्हणून निभावलं बघा."

"जा रे, रडवशील."

त्याची पाठ वळताच उस्तादनं पाचाचे चोवीस केले, चार नंबरवर सेव्ह मारलं आणि गालातल्या गालात हसला. या यंत्राची एक गंमत त्याला फार आवडायची: नवीन साठवलं की जुनं साफ. ना पुरावा, ना साक्षीदार.

पुढचं काय सांगावं! गिऱ्हाईक पार नाक लावून बघतंय, मेहुण्यानं ऐटीत बटण दाबलं आणि फाट्! धूर थेट गिऱ्हाइकाच्या भुवयांत.

"मी पाचच ठेवले होते!" मेहुणा रडकुंडीला आला. "आईशप्पथ! भाऊजी, तुम्ही तरी सांगा ना."

उस्तादनं लांबलचक उसासा सोडला. "पडद्यावर तर चोवीस दिसतायत रे. माणूस खोटं बोलेल, मशीन कशाला बोलेल?"

"तू सामान उचल," मालक मेहुण्यावर खेकसले. मग उस्तादकडे वळले. "आणि ही साठवणूकच नको मला. बघत नाही, काही नाही, नुसती बटणं दाबता. दहाच्या दहा पूस. आत्ता, माझ्यासमोर."

"दहाही, मालक?"

"का? तुझ्या तर डोक्यात आहे ना सगळं?"

हे उस्तादच सगळ्यांना ऐकवत आलेला. दुसरं कुणी शहाणं होऊ नये म्हणून बोर्डांच्या आकड्यांचे कागदही त्यानं कधीच रद्दीत घातलेले. डोक्यात मात्र काही नव्हतंच. जे होतं ते त्या बटणांत. तरी पुसलं त्यानं सगळं.

मालकांनी कपाटातून सात नंबरचा बोर्ड काढून पुढ्यात ठेवला. "हा दाखव साहेबांना. हातानं लाव."

उस्तादनं नॉब एकदा इकडे फिरवला, एकदा तिकडे.

दारात मेहुणा डबा बगलेत मारून उभा होता. सात नंबरचे आकडे त्याला तोंडपाठ. वर्षभर रोज तोच बोर्ड लावत होता. उस्तादनं त्याच्याकडे असं बघितलं की डोळ्यांनीच पाया पडला.

"मशीनला विचारा की, भाऊजी," मेहुणा म्हणाला. "ते कशाला खोटं बोलेल?"

आणि गेला. कुठे? उस्तादच्याच घरी, बहिणीला सगळं सांगायला.

"लाव ना!" मालक ओरडले.

उस्तादनं अंदाजानं नॉब बारावर आणला, डोळे मिटले आणि चालू करायच्या बटणाकडे बोट नेलं.

गिऱ्हाईक मात्र शहाणं. या खेपेला ते दोन पावलं मागे सरकलं.